हजेरीतला पाचवा

१

आक्काच्या गॅरेजमध्ये गाडी आली की आधी तिची हजेरी व्हायची. बॉनेट उघडायचं, हातभर लांबीचा जुना स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचा आणि त्याच्या लाकडी मुठीने इंजिनावर ठोके द्यायचे. जितके सिलिंडर तितके ठोके. तिला हे काम शिकवणाऱ्या वस्तादांची रीत. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आक्काने विचारलंही नव्हतं, कारण कारणं विचारणाऱ्याला वस्ताद दिवसभर नट धुवायला बसवायचे.

हजेरी झाली की तोच स्क्रूड्रायव्हर सुलटा व्हायचा. टोक इंजिनावर, मूठ उजव्या कानाशी, डोळे मिटलेले. दुसरे मेकॅनिक गाडीला कॉम्प्युटर जोडायचे, आक्का कान जोडायची. या कानाचा तिला भारी तोरा होता. एका लग्नात पाहुण्यांची गाडी दारात थांबली, तेव्हा नवरी बघायची सोडून तिने नवरदेवाच्या मामाला गाठलं होतं आणि टायमिंग चेन बदलल्याशिवाय परत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. मामा बदलल्याशिवाय गेले आणि अर्ध्या वाटेतून फोन करते झाले.

शुक्रवारी दुपारी तिची भाची टिकली आपली गाडी घेऊन आली. दोन माणसांची, फायबरच्या बॉडीची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. वजनाला इतकी हलकी की मागची बाजू दोघांनी उचलून सरकवावी. ही गाडी टिकलीने भंगारातून आणून दोन वर्षं स्वतःच्या हाताने उभी केली होती आणि रविवारी सकाळी घाटातल्या शर्यतीत ती चढवणार होती.

"आत्या, वर गेली की एक ठोका गिळते गं," टिकली म्हणाली. "चढाला, फुल पिकअपला. एका श्वासापुरती जाते आणि परत येते."

"कुठल्या आरपीएमला?"

"ठरलेलं नाही. ठरलेलं असतं तर मीच नसती का धरली?"

आक्काने मान हलवली. एरवी एक ठोका गिळणारी गाडी म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण घाटातल्या शेवटून दुसऱ्या वळणावर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. तिथे भर वळणात इंजिनाने जोर सोडला की असल्या हलक्या गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. म्हणून टिकलीच्या बापाने, आक्काच्या धाकट्या भावाने, अट घातली होती. आक्का हो म्हणाली तरच पोरगी घाट चढेल.

आक्काने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि हजेरी घेतली.

"आत्या, पाच वाजवलेस," टिकली हसली. "माझी चारच सिलिंडरची आहे. गरीब आहे बिचारी."

आक्काही हसली. गेला आठवडाभर ती पाच सिलिंडरच्या एका व्हॅनला झटत होती, हाताला तीच सवय लागली होती. "वाजवला एक जास्त. तुझ्या गाडीला लाड," ती म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर सुलटा केला.

२

मंद चालीवरचं इंजिन तुम्हाआम्हाला नुसती घरघर. आक्काला त्यात चौघेही वेगवेगळे ऐकू यायचे, शेजारच्या खोलीत बोलणारी घरची माणसं ओळखू यावीत तसे. पहिला ठणठणीत. दुसऱ्याचा टॅपेट किंचित सैल, तोही नावापुरता. तिसरा, चौथा झकास.

आणि आणखी एक.

तिने डोळे उघडले. टोक जरा सरकवून पुन्हा कान लावला. चौथ्याच्या पलीकडे, ड्रायव्हरच्या पायांच्या बाजूला, एक ठोका पडत होता. हलका, नेमका, अगदी आपल्या पाळीवर. तिथे सिलिंडर नव्हता. तिथे लोखंडाची जाड भिंत होती आणि भिंतीपलीकडे पेडल.

आक्काची बुद्धी कामाला लागली. फ्लायव्हीलचा बोल्ट सैल असेल. एक्झॉस्टची पट्टी तडकली असेल. कुठे काही हलत असेल, त्याचा आवाज लोखंडातून फिरून इथे येत असेल. तिने प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहिला. सगळे घट्ट होते.

संध्याकाळी भाऊ आला. त्याचं औषधांचं दुकान, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे गोळी. सगळं ऐकून तो म्हणाला, "आक्का, ते तुझं बीपी आहे. कानात स्वतःचीच नाडी ऐकू येते."

शहाणपणाचं बोलणं होतं. आक्काने डाव्या हाताने मनगटाची नाडी धरली, उजव्या कानाला मूठ लावली आणि टिकलीला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. नाडी होती तिथेच राहिली. तो ठोका मात्र इंजिनाबरोबर पळायला लागला.

टिकलीने पाय काढला. चौघे खाली आले. पाचवा त्यांच्यामागून, अर्ध्या क्षणाने खाली आला. जणू जरा अनिच्छेनेच.

आक्काने याबद्दल दोघांना काही सांगितलं नाही. "उद्या बघू," एवढंच म्हणाली आणि शटर ओढलं.

३

शनिवारी सकाळी तिने शिस्तीत कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, तपासायला घेतलं. चारही प्लग काढले. एकेका भोकात मीटर बसवायचा, टिकलीने स्टार्टर मारायचा, आक्काने आकडा सांगायचा आणि भावाने तो खडूने भिंतीवर लिहायचा. भावाचं अक्षर देखणं होतं आणि ते दाखवायची संधी तो सोडत नसे.

काम झालं. आक्का हात पुसत भिंतीजवळ गेली.

एकशे पंच्याहत्तर. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे पंच्याहत्तर. एकशे शहात्तर. चारी भावंडं सारखी, नवीन इंजिनाला लाजवतील अशी. त्यांच्याखाली त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, दोनशे दहा.

"हे काय लिहिलंस?"

"तू सांगितलंस ते."

"मी चार सांगितले."

"पाच सांगितलेस," भाऊ म्हणाला. "शेवटचा जरा हळू बोललीस, म्हणून मी पुन्हा विचारलं. तू परत सांगितलंस."

आक्काने टिकलीकडे पाहिलं. टिकली सीटवर बसून होती, हात अजून किल्लीवर. "मी पण पाच वेळा स्टार्टर मारला, आत्या," ती म्हणाली. "मला वाटलं, एखादा परत तपासतेयस."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आक्काला आपलेच हात आठवेनात. चौथ्या भोकातून मीटर काढला, तो तिने कुठे लावला होता?

"लिहिण्यात गडबड झाली असेल," ती म्हणाली आणि पाचवा आकडा तळहाताने पुसला. खडू पुसला गेला. पण तळहात गरम लागला, तापल्या इंजिनाला लागावा तसा, आणि इंजिन तर सकाळपासून गार होतं.

आता आक्का घाबरली. हे तिने स्वतःशी सरळ कबूल केलं आणि मगच पुढच्या कामाला हात घातला.

४

तिने प्लग बदलले. पॉइंट बदलले, कॉइल बदलली, प्लगच्या वायरी नव्या घातल्या. दोन्ही कार्बोरेटर उतरवून त्यांची भोकं तारेने नव्हे, हवेने साफ केली. नळीतलं पेट्रोल बाटलीत घेऊन उजेडात धरून पाहिलं. माणसाच्या हातून होण्यासारखं सगळं झालं आणि दुपारी एकला ती स्वतः गाडी घेऊन मागच्या चढाच्या रस्त्याला गेली.

गाडी सुरेख निघाली. चढाच्या मध्यावर आक्काने पाय खाली दाबला आणि गाडीने ठोका गिळला. एका श्वासापुरती शांतता झाली. त्या शांततेत पायांजवळच्या भिंतीतून एकच ठोका आला, टक्, आणि मग चौघे पुन्हा सुरू झाले.

परत आली तेव्हा भाऊ आणि टिकली दारात उभे होते.

"आक्का, नाही म्हण," भाऊ हळूच म्हणाला. "मी म्हटलं तर ती वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. तू म्हटलंस तर ऐकेल."

टिकलीने ते ऐकलं. तिच्या दोन्ही हातांना नखांच्या कडेने दोन वर्षांचं काळं ग्रीस बसलं होतं, ते ती नुसतं खरवडत राहिली. आक्काने आपल्याही नखांकडे पाहिलं. याच वयात तिला कुणीतरी नाही म्हटलं असतं तर आज हे गॅरेज नसतं. आणि हो म्हणून पोरगी दरीत गेली, तर त्या गॅरेजचं काय लोणचं घालायचं?

तेवढ्यात व्हॅनवाला आपली व्हॅन न्यायला आला. आक्काने त्याच्या हातात किल्ली दिली. बॉनेट उचलून दाखवताना सवयीने एकेका सिलिंडरवर बोट ठेवत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

बोट पाचव्यावर तसंच राहिलं.

ठोका म्हणजे हाक. चार सिलिंडरच्या इंजिनावर तिने पाच हाका मारल्या होत्या. चार जण जागेवर होते, त्यांनी ओ दिली. पाचव्या हाकेला कुणीच ओ द्यायला नको होती.

त्याने दिली होती. आता त्याला पाळी हवी होती, आणि स्वतःची जागा नसल्यामुळे तो चौघांतल्या कुणाची तरी पाळी हिसकावत होता. कधी याची, कधी त्याची. म्हणून कुठलाही एक सिलिंडर बिघडलेला सापडत नव्हता.

हे सगळं आक्काला इतकं मूर्खपणाचं वाटलं की तिने दोनदा पुन्हा विचार करून पाहिला. दोन्ही वेळा हिशोब तोच आला. आणि मग, खरं सांगायचं तर, तिला बरंच वाटलं. दोष सापडला होता. सापडलेला दोष आक्काने कधी सोडला नव्हता.

"तुम्ही दोघं जेवून या," ती म्हणाली. "सावकाश जेवा. तुम्ही आल्यावर सांगते, हो की नाही."

५

दोघे गेल्यावर तिने शटर अर्धं खाली घेतलं. दुपारचं ऊन फरशीवर हातभर आत आलं होतं. इंजिन चालू केलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक चौथ्याच्या पलीकडे एका खाचेत टेकवून मूठ बॉनेटच्या कडेला रेलून ठेवली, आणि रबरी हातमोजे चढवले.

आजारी सिलिंडर शोधायची ही सगळ्यात जुनी पद्धत. चालू इंजिनाच्या प्लगची एक वायर उपटायची. निरोगी सिलिंडरची वायर गेली की इंजिन लंगडतं.

तिने पहिली वायर उपटली. इंजिन लंगडलं नाही.

दुसरी उपटली. चाल तशीच. उलट जरा मोकळी झाल्यासारखी.

तिसरी.

चौथीला हात लावताना आक्काने श्वास धरला. उपटली. चारही वायरी बाजूला लोंबत होत्या आणि इंजिन चालत होतं. एकाच ठोक्यावर, सावकाश, भक्कम. टक्. टक्. टक्.

'गरम इंजिन असं करतं,' तिने स्वतःला सांगितलं. 'आत काजळी पेटलेली असते, ठिणगीवाचून दोनचार आचके देतं आणि मरतं.' तिने किल्ली काढली. पेट्रोलच्या नळीला चिमटा लावला. कार्बोरेटरमध्ये उरलेलं संपेपर्यंत थांबली, मग आणखी तेवढीच थांबली. आचके आले नाहीत. इंजिन मेलं नाही.

आक्का गाडीत शिरली आणि बुटक्या सीटवर बसली. उघडं बॉनेट समोर भिंतीसारखं उभं होतं, त्याच्या खालच्या कडेला चार बोटांची फट. त्या फटीतून तिला इंजिनाचा तुकडा दिसत होता, खाचेत टेकवलेला स्क्रूड्रायव्हर दिसत होता आणि त्याची लाकडी मूठ.

मूठ आता बॉनेटच्या कडेला रेललेली नव्हती. ती एका कानात दाबलेली होती.

फक्त कान. जरा मोठा, जुना, पाळीला ग्रीस लागलेलं. त्यापुढचं काही फटीत मावत नव्हतं. तो अजिबात हलत नव्हता. आक्का जशी ऐकायची तसंच तो ऐकत होता, मन लावून. आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक जिथे टेकलं होतं त्या भिंतीच्या अलीकडे आक्काचे पाय होते.

ती ओरडली नाही. ओरडायला तोंडात ओल लागते. तिचा डावा पाय मात्र आपण होऊन क्लचवर गेला, कारण पायाला तीस वर्षांची अक्कल होती. न थांबणारं इंजिन कसं थांबवायचं, हे त्याला ठाऊक होतं. क्लच दाबला. टॉपचा गिअर टाकला. हँडब्रेक खेचला, उजवा पाय ब्रेकवर पूर्ण वजनाने उभा केला. आणि क्लच सोडायला सुरुवात केली.

गाडी जागच्या जागी थरारली. इंजिन वाकलं, पण बसलं नाही. टक्. ब्रेकचं पेडल आतून कुणीतरी परत ढकलत होतं. आक्काची मांडी थरथरायला लागली. जळक्या क्लचचा वास आला.

"हजेरी माझी आहे," ती दातओठ खात म्हणाली. "मी बोलावलं, मीच घालवणार. तुझं नाव पटावरून कमी!"

टक्.

"कमी म्हणजे कमी!" आक्का गरजली आणि क्लचवरचा पाय एकदम उचलला.

गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं. स्क्रूड्रायव्हर खणखणत फरशीवर पडला. फटीत आता नुसतं ऊन होतं.

आक्का बराच वेळ ब्रेकवर पाय देऊन बसून राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपण जिंकलो. तिने छातीवर हात ठेवला आणि लहान मुलीसारखी खुदकन हसली.

६

वायरी जोडून इंजिन चालू केलं तेव्हा चौघेच होते. तिने हजेरी घेतली नाही. नुसता कान लावला, अर्धा तास, सगळीकडे. चौथ्याच्या पलीकडे लोखंड होतं आणि लोखंड गप्प होतं. मागच्या चढावर तिने गाडी तीनदा पिळून काढली. गाडीने एकदाही ठोका गिळला नाही.

"हो," ती दारातच दोघांना म्हणाली. टिकलीने तिला अशी मिठी मारली की दोघी टायरांच्या ढिगावर पडल्या.

रविवारी सकाळी आक्का आणि भाऊ घाटमाथ्यावर, शेवटच्या वळणाच्या वर उभे होते. तिथून रस्ता दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. भावाने आक्काचं मनगट घट्ट धरलं होतं.

"कुठे आहे गं?"

"दुसऱ्या गिअरला. आता तिसरा. पुलावरून गेली." आक्का डोळे मिटून सांगत होती. आवाज चढत होता, चारी सूर एकमेकांत विरलेले. "आता बघ. आलं ते वळण."

भाऊ पुटपुटत होता. आवाज वळणात शिरला, कड्यावर आपटून दुप्पट झाला आणि कुठेही न तुटता बाहेर पडला. आक्काने दोन्ही मुठी हवेत फेकल्या. पुढच्या क्षणाला ती बुटकी गाडी शेवटच्या वळणातून बाणासारखी वर आली आणि रेषा ओलांडून गेली.

आपल्या गटात टिकली पहिली आली होती, दुसऱ्यापेक्षा चार सेकंदांनी. भाऊ रडायला लागला आणि खिशातून स्वतःच्याच दुकानाची बीपीची गोळी काढून त्याने तोंडात टाकली. लोक जमले. आक्काला कुणीतरी खांद्यावर घ्यायला निघालं, तिचं वजन पाहून त्याने बेत बदलला. इतका आनंद तिला तिच्या गॅरेजचं शटर पहिल्यांदा उघडलं त्या दिवशीही झाला नव्हता.

७

गर्दी पांगल्यावर टिकली हेल्मेट काखेत मारून तिच्याजवळ आली. गाल लाल, केस घामाने चिकटलेले.

"आत्या, एक सांगू? बाबांना नको सांगूस." ती कानाशी लागली. "त्या वळणात माझी फाटली. मी पाय काढला."

"कशावरचा?"

"ॲक्सिलरेटरवरचा. पूर्ण काढला. तरी गाडीने जोर सोडला नाही. मला धरून बाहेर काढलं तिने." टिकलीचे डोळे चमकत होते. "तू काय जादू केलीस गं?"

सगळा रंगलेला दिवस आक्काच्या पायाखालून सरकला. पण चेहरा तिने ढळू दिला नाही.

"काम केलं," ती म्हणाली. "किल्ली दे. तू बाबांबरोबर त्यांच्या गाडीतून उतर. ही मी खाली नेते."

"का?"

"माझी हौस. आणि यापुढे ही गाडी चालवशील तेव्हा शेजारच्या सीटवर मी असेन. कबूल?"

टिकलीने आनंदाने किल्ली दिली. आत्या आपल्या गाडीवर भाळली असंच तिला वाटलं.

आक्का एकटी निघाली. घाट रिकामा होता. त्या वळणाच्या अलीकडे जरासा सपाट रस्ता होता, तिथे तिने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली. उजवीकडे दरी आली. आक्काच्या तळव्यांना घाम फुटला होता, चाक हातात सरकत होतं. तिने दात आवळले आणि पाय काढला.

गाडीने तत्क्षणी जोर सोडला.

तिने पुन्हा दाबला, पुन्हा काढला. पुन्हा तेच. इतकं पटकन, इतकं मुकाट, की साधं इंजिनसुद्धा एवढ्या घाईने ऐकत नाही. पायांजवळच्या भिंतीत कुणीतरी अंग चोरून, श्वास धरून बसलं होतं, ब्रेकवर उभ्या राहिलेल्या त्या पायापासून होईल तितकं दूर.

आक्का मोठ्याने हसली. म्हणजे घाबरलेली ती एकटीच नव्हती.